अश्रू आणि शांती
(संत ऑगस्टीन आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या आत्मकथनांच्या निमित्ताने)

श्रद्धा असली की मनाला शांती लाभते, हे विधान आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की, त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरजच आपल्याला वाटेनाशी होते. प्रवचनात, इस्पितळातील खाटेपाशी, मयताच्या घरी जपमाळेला जमलेल्या शेजाऱ्यांत हे विधान सहज उच्चारले जाते. उच्चारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु दुःखात बुडालेल्या माणसाच्या कानी ते पडते तेव्हा त्याचा उलटा अर्थही नकळत त्याच्या मनात उमटतो. शांती नसेल तर मग श्रद्धाही नसावी, असे त्याला वाटू लागते. मूळ दुःखाचा भार असतोच. त्यावर अपराधाचा भार येऊन पडतो.

हे मी पुस्तकी ज्ञानावरून लिहीत नाही. माझा धाकटा भाऊ ऐन उमेदीत गेला. त्यानंतर कित्येक महिने माझी आई पहाटे उठून, घरातले कोणी जागे होण्याआधी, मागच्या पडवीत बसून रडत असे. एका प्रार्थनासभेत तिला कोणीतरी सांगितले की, ख्रिस्ती माणसाने पुनरुत्थानावर विश्वास ठेवायचा असतो. इतके रडणे हे विश्वास डळमळल्याचे लक्षण होय. सांगणारा माणूस वाईट नव्हता. पण त्या दिवसापासून आई पापनिवेदनाला गेली की इतर दोषांबरोबर आपले रडणेही सांगू लागली. रडणे थांबले नाही, फक्त ते चोरटे झाले.

तेव्हापासून श्रद्धा आणि शांती यांचे नाते काय, हा प्रश्न माझ्यापुरता तरी निव्वळ चर्चेचा राहिला नाही. त्याचे उत्तर शोधताना ज्या दोन ग्रंथांनी मला आधार दिला, त्यांचा परस्परांशी वरवर पाहता काहीच संबंध नाही. एक आहे संत ऑगस्टीन यांचा ‘कन्फेशन्स’ हा लॅटिन ग्रंथ आणि दुसरा लक्ष्मीबाई टिळक यांचा ‘स्मृतिचित्रे’. पहिला चौथ्या शतकाच्या अखेरीस उत्तर आफ्रिकेतील एका बिशपाने लिहिला. दुसरा, जिला शाळेचे शिक्षण जवळजवळ मिळालेच नव्हते अशा एका मराठी स्त्रीने आयुष्याच्या संध्याकाळी सांगितला. पहिला कॅथॉलिक परंपरेचा मानबिंदू, तर दुसरा प्रॉटेस्टंट मिशनच्या परिसरात घडलेल्या जीवनाचा आलेख. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) विभक्त बंधुभगिनींच्या अनुभवाकडे आदराने पाहण्याची दृष्टी आपल्याला मिळाली आहे. शिवाय मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची जी थोडी अक्षय ठेव आहे, तिच्यात ‘स्मृतिचित्रे’चे स्थान वादातीत आहे. म्हणून हे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

*

‘कन्फेशन्स’चे एकूण तेरा खंड आहेत. इ. स. ३९७ ते ४०० या सुमारास ते लिहिले गेले. ऑगस्टीन यांचा जन्म ३५४ साली तागास्ते येथे झाला (आजच्या अल्जीरियातील सूक अहरास हे गाव). ग्रंथ लिहितेवेळी ते हिप्पो येथील बिशप होते आणि त्यांचे वय पंचेचाळिशीच्या आसपास होते. ग्रंथाच्या नावातील मूळ लॅटिन शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, पापाची कबुली. दुसरा, देवाची स्तुती. हे दोन्ही अर्थ लेखकाला एकाच वेळी अभिप्रेत आहेत. संपूर्ण ग्रंथ देवाला ‘तू’ असे संबोधून लिहिला आहे. वाचक जणू दाराआड उभा राहून एका माणसाची प्रार्थना ऐकतो.

अंतःकरणाच्या अस्वस्थतेचा उल्लेख ग्रंथाच्या अगदी आरंभी येतो आणि तो सर्वांना ठाऊक असतो. देवाने माणसाला स्वतःसाठी घडविले असल्यामुळे देवाठायी विसावल्याशिवाय त्याच्या मनाला स्वस्थता नाही, असा त्याचा आशय. हे सूत्र आपल्याकडे इतके लोकप्रिय आहे की, पुष्कळांच्या लेखी सारा ग्रंथ त्या एका वाक्यात संपतो. आधी अस्वस्थता, मग धर्मांतर, मग शांती, असा सरळ तीन पायऱ्यांचा जिना मनात तयार होतो. मला नम्रपणे असे सुचवावेसे वाटते की, ग्रंथ प्रत्यक्षात या जिन्याने चढत नाही.

प्रथम चौथ्या खंडातील प्रसंग पाहू. ऑगस्टीन त्यावेळी तरुण होते, तागास्ते येथे शिकवीत होते आणि मानी पंथाच्या शिकवणुकीच्या प्रभावाखाली होते. बालपणापासूनचा त्यांचा एक जिवलग मित्र तापाने बेशुद्ध पडला. त्या अवस्थेतच घरच्यांनी त्याला स्नानसंस्कार दिला. तो शुद्धीवर आल्यावर ऑगस्टीन यांनी त्या संस्काराची थट्टा केली. मित्राने त्यांना फटकारले. थोड्याच दिवसांत ताप उलटला आणि मित्र गेला. त्यानंतरच्या शोकाचे जे वर्णन ऑगस्टीन करतात, ते जागतिक वाङ्मयातील शोकवर्णनांत गणले जावे असे आहे. सारे गाव त्यांना नकोसे झाले, घर असह्य झाले. जेथे जेथे तो मित्र भेटत असे, ती प्रत्येक जागा आता तो नाही हेच सांगू लागली. रडणे हीच एक गोड वाटणारी गोष्ट उरली. शेवटी त्यांनी गाव सोडले आणि ते कार्थेजला निघून गेले.

विशेष म्हणजे या मित्राचे नाव ऑगस्टीन देत नाहीत. एवढ्या प्रिय माणसाचे नाव का नसावे? मला वाटते, आपण त्या वेळी मित्रावर प्रेम करीत नव्हतो, आपल्या प्रेमावरच प्रेम करीत होतो, याची जाणीव लिहिणाऱ्या ऑगस्टीन यांना झाली आहे. मर्त्य माणसावर तो जणू कधी मरणारच नाही असे प्रेम आपण केले, हे त्यांचे स्वतःचे निदान आहे. त्या शोकाला तळ नव्हता, कारण तो कोणाच्या हाती सोपवता येत नव्हता.

*

आठव्या खंडात मिलान येथील बागेचा प्रसिद्ध प्रसंग येतो. साल ३८६, उन्हाळ्याचे दिवस. आयुष्य बदलायचे आहे पण बदलवत नाही, अशा यातनेत ऑगस्टीन अंजिराच्या झाडाखाली रडत पडले आहेत. शेजारच्या घरातून एका मुलाचा की मुलीचा आवाज येतो. उचलून वाचण्याविषयी काहीतरी तो आवाज पुनःपुन्हा गुणगुणतो आहे. ते उठतात, संत पौलाच्या पत्रांचे पुस्तक उघडतात, रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील एक उतारा वाचतात आणि त्यांच्या मनातील संशयाचा काळोख निवळतो. पुढील वर्षी, म्हणजे ३८७ साली, पुनरुत्थानाच्या जागरणरात्री संत अम्ब्रोज यांच्या हस्ते त्यांचा, त्यांचा पुत्र अदेओदातुस याचा आणि मित्र अलिपिउस याचा स्नानसंस्कार होतो.

प्रचारकी वळणाचा लेखक असता तर त्याने ग्रंथ येथेच संपविला असता. ऑगस्टीन यांनी मात्र यानंतर पाच खंड लिहिले. त्या पाच खंडांकडे आपले प्रवचनकार सहसा वळत नाहीत. बागेतल्या प्रकाशानंतर काही दिवसांतच त्यांना अशी दाढदुखी जडली की, तोंडातून शब्द फुटेना. मेणाच्या पाटीवर लिहून त्यांनी मित्रांना आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगितले. एवढ्या मोठ्या आध्यात्मिक घटनेच्या पाठोपाठ दाढेची गोष्ट सांगण्याची त्यांना लाज वाटत नाही, यातच त्यांच्या प्रामाणिकपणाची खूण आहे.

दहाव्या खंडात तर ते धर्मांतर होऊन सुमारे बारा वर्षे लोटलेल्या, बिशपपदावर असलेल्या आपल्या मनाची झडती घेतात. जेवताना भूक कोठे संपते आणि हाव कोठे सुरू होते हे आपल्याला अजून कळत नाही, असे ते सांगतात. उपासनेतील गायन ऐकताना आशयापेक्षा सुरातच मन गुंतते, याची ते कबुली देतात. घरात बसलेले असताना माश्या पकडणारी पाल दिसली तरी आपले चित्त तिच्याकडे ओढले जाते, असेही ते लिहितात. लोकांनी केलेली स्तुती तर त्यांना अजूनही सुखावते. म्हणजे शांती मिळालेला हा माणूस अजून पालीमुळे विचलित होतो! हे वाचताना हसू येते आणि मोठा दिलासाही मिळतो. जपमाळेचे तिसरे रहस्य चालू असताना ज्यांचे मन बाजारात किंवा बँकेत भटकून येते, त्या आपणा सर्वांना हा संत परका वाटत नाही.

ग्रंथाचा शेवटही लक्षात घेण्यासारखा आहे. तेराव्या खंडात सृष्टीच्या सातव्या दिवसाचे, ज्याला संध्याकाळ नाही अशा विसाव्याचे चिंतन येते. पण तो विसावा मिळाला असे ऑगस्टीन म्हणत नाहीत. ते तो मागतात. अखेरची प्रतिमा आहे ती दार ठोठावण्याची. अस्वस्थतेने सुरू झालेला ग्रंथ मागणीने संपतो. आरंभ आणि शेवट यांत फरक आहे तो एवढाच की, आरंभी हा माणूस दारोदार भटकत होता, आता आपण कोणत्या दारापुढे उभे आहोत हे त्याला ठाऊक आहे. माझ्या मते ख्रिस्ती शांतीची याहून अधिक अचूक व्याख्या वाङ्मयात सापडणे कठीण आहे.

*

आता नवव्या खंडाकडे वळू, कारण या लेखाचा गाभा तेथे आहे. स्नानसंस्कारानंतर ऑगस्टीन आणि त्यांची आई संत मोनिका आफ्रिकेला परतायला निघाली. रोमजवळील ओस्तिया बंदरात ती थांबली असताना, एका खिडकीपाशी उभे राहून मायलेक शाश्वत जीवनाविषयी बोलू लागले. बोलता बोलता सारी सृष्टी मागे पडली आणि क्षणभर दोघांना त्या जीवनाचा ओझरता स्पर्श झाला. त्यानंतर काही दिवसांतच मोनिका तापाने आजारी पडल्या आणि वयाच्या ५६व्या वर्षी तेथेच मरण पावल्या.

ऑगस्टीन यांनी आईचे डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी येऊ पाहत होते, पण त्यांनी ते बळेच मागे परतवले. किशोरवयीन अदेओदातुस मोठ्याने रडू लागला तेव्हा सर्वांनी त्याला गप्प केले. का? तर जी आई श्रद्धेत जगली आणि श्रद्धेत मेली, तिच्यासाठी आक्रोश करणे योग्य नव्हे, असे त्यांना वाटले. दफनविधी झाला, प्रार्थना झाल्या. ऑगस्टीन कोरड्या डोळ्यांनी गेले आणि कोरड्या डोळ्यांनी परतले. आतून मात्र ते पिळवटले जात होते. आपल्याला इतके दुःख व्हावे याचेच त्यांना दुःख होऊ लागले. ते स्वतः सांगतात की, एका शोकावर दुसरा शोक चढला आणि ते दुहेरी दुःखाने जळू लागले. स्नानाने मनाची तळमळ जाते असे ऐकले होते म्हणून ते स्नानालाही जाऊन आले. काही उपयोग झाला नाही.

रात्री झोप लागली. जाग आली तेव्हा थोडे हलके वाटले. अंथरुणावर एकटेच असताना संत अम्ब्रोज यांचे रात्रीच्या विश्रांतीविषयीचे एक गीत त्यांना आठवले. त्याच्या पाठोपाठ आई आठवली. तिचे बोलणे, तिचे प्रेम, तिची सवय. आणि अडवून धरलेले अश्रू त्यांनी वाहू दिले. ते किती वेळ रडले, हेही त्यांनी लिहून ठेवले आहे. तासाचा अगदी छोटा भाग! ज्या आईने त्यांच्यासाठी वर्षानुवर्षे अश्रू ढाळले, तिच्यासाठी आपण एवढाच वेळ रडलो, यात कोणाला पाप दिसत असेल तर त्याने हसू नये. त्याच्या ठायी प्रेम असेल तर त्यानेही माझ्यासाठी रडावे, अशा अर्थाची विनंती ते वाचकाला करतात.

चौथ्या आणि नवव्या खंडांतील हे दोन मृत्यू ऑगस्टीन यांनी समोरासमोर ठेवले आहेत, याविषयी मला शंका वाटत नाही. पहिल्या मृत्यूच्या वेळी ते अमर्याद रडले आणि त्यांना शांती मिळाली नाही. दुसऱ्या वेळी त्यांनी रडणे नाकारले आणि तरीही शांती मिळाली नाही. अश्रू वाहिल्याने शांती येते असे नाही आणि अश्रू अडविल्यानेही ती येत नाही. ती आली ती अश्रू देवासमोर वाहिले तेव्हा. फरक पाण्यात नाही. ते कोणाच्या ओंजळीत पडते त्यात आहे. पहिल्या शोकात ऑगस्टीन एकटे होते. दुसऱ्या शोकात एकांत होता, पण एकटेपण नव्हते.

शोकावर चढलेल्या त्या दुसऱ्या शोकाचे वर्णन मी प्रथम वाचले तेव्हा मला आमची मागची पडवी आठवली. सोळाशे वर्षांपूर्वी एका महान धर्मपंडिताने स्वतःच्या बाबतीत जी चूक केली, तीच चूक आम्ही आईच्या बाबतीत केली होती. पंडिताने निदान ती एका रात्रीत सुधारली.

*

इतके असूनही ‘कन्फेशन्स’मध्ये एक पोकळी राहते, आणि ती दाखवून न देणे हे अंधभक्तीचे लक्षण ठरेल. अदेओदातुसची आई, जिच्याबरोबर ऑगस्टीन यांनी सुमारे पंधरा वर्षे संसार केला, तिचेही नाव ग्रंथात नाही. प्रतिष्ठित घराण्यात त्यांचा विवाह ठरू लागला तेव्हा तिला आफ्रिकेला परत पाठविण्यात आले. मुलगा मात्र वडिलांपाशी राहिला. तिला दूर केल्याने आपले काळीज फाटले आणि रक्तबंबाळ झाले, असे ते सांगतात. ती पुन्हा कोणा पुरुषाचा स्वीकार न करण्याची शपथ घेऊन गेली, हेही सांगतात. पण तिच्या काळजाचे काय झाले, हे ग्रंथ विचारीत नाही. एका माणसाच्या शांतीच्या शोधात मागे राहिलेल्या माणसाला शांती कोठे मिळाली? ऑगस्टीनसारखा चौकस मनाचा लेखक हा प्रश्न ओलांडून पुढे जातो.

या प्रश्नाशी आलो की मला ‘स्मृतिचित्रे’ उघडावेसे वाटते. त्या निनावी स्त्रीची आणि लक्ष्मीबाईंची परिस्थिती अर्थातच एक नव्हे. टिळकांनी लक्ष्मीबाईंना टाकले नव्हते, उलट त्या परत याव्यात अशीच त्यांची धडपड होती. तरीही मोठ्या माणसाच्या धर्मांतराची गोष्ट मागे राहिलेल्या व्यक्तीच्या बाजूने सांगणारा याच्या तोडीचा दुसरा ग्रंथ माझ्या वाचनात नाही.

नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) हे जात्याच अस्वस्थ पुरुष होते. घर सोडून जाणे, मिळालेली नोकरी सोडणे, हातातला पैसा दिसेल त्याला देऊन टाकणे, हा त्यांचा स्वभाव. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले आणि त्यांच्या शोधाला दिशा मिळाली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या दृष्टीने हा शोधाचा विसावा होता. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने तो वज्राघात होता. नवरा जिवंत असून त्या नवऱ्याला मुकल्या. माहेरच्या आणि बहिणीच्या आधाराने त्यांनी दिवस काढले. त्या जिवाचे काही बरेवाईट करून घेतील या भीतीने घरच्यांना त्यांच्यावर नजर ठेवावी लागली. टिळकांची शांती आणि लक्ष्मीबाईंची अशांती एकाच दिवशी जन्माला आली. आपल्याकडील साक्षपर लेखनात जे सहसा येत नाही, ते सत्य हा ग्रंथ आडपडदा न ठेवता सांगतो.

लक्ष्मीबाईंचा स्वतःचा प्रवास कसा झाला? त्याचे बीज ग्रंथाच्या आरंभीच सापडते. १८५७च्या बंडाच्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली. त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. मीठसाखरेसारख्या वस्तूही धुऊन घेण्यापर्यंत ते वेड गेले. लक्ष्मीबाई हे सारे विनोदाने सांगतात आणि वाचक पोट धरून हसतो. पण हसू ओसरले की ध्यानात येते की, हे भयाने ग्रासलेल्या मनाचे चित्र आहे. जग हातून निसटले आहे, निदान मीठ तरी शुद्ध राहावे, अशी ती केविलवाणी धडपड आहे. शांती विकत घेण्यासाठी माणूस कोणकोणते विधी करतो, याचे याहून बोलके उदाहरण नाही. आपण आपल्याकडे पाहावे. अमुक नोव्हेना चुकली, मेणबत्ती मध्येच विझली, म्हणून ज्यांचा दिवस बिघडतो, ते आपणही मीठ धुणाऱ्यांपैकीच नाही काय?

हेच सोवळे लक्ष्मीबाईंच्याही अंगात भिनले होते. टिळकांकडे परतल्यावरही त्यांनी आपला स्वयंपाक आणि आपले पाणी वेगळे ठेवले. टिळकांनी सक्ती केली नाही. मग एका रात्री, अंथरुणावर पडल्या पडल्या, त्यांचे विचारचक्र सुरू होते. जात निर्माण केली कोणी? देवाने केली असती तर जन्म, मरण, भूक, सुख, दुःख ही सर्वांना सारखी कशी दिली असती? त्या रात्री कोणी प्रवचन करीत नाही, कोणते पुस्तक उघडले जात नाही. एक गृहिणी अंधारात स्वतःशी साधा हिशेब मांडते आणि सकाळ होईपर्यंत पिढ्यान्‌पिढ्यांचे ओझे उतरलेले असते. पुढे १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण वाङ्मयीन दृष्ट्या त्यांच्या ग्रंथातील मिलानची बाग ही रात्रच होय.

दोन्ही प्रसंगांतील फरक उद्बोधक आहे. ऑगस्टीन झाडाखाली रडतात, शब्द ऐकतात, ग्रंथ उघडतात. त्यांची शांती प्रकाशासारखी येते. लक्ष्मीबाईंची शांती डोक्यावरची घागर खाली ठेवल्यासारखी येते. तिची परिणतीही घरातच दिसते. जिला पूर्वी दुसऱ्याच्या हातचे पाणी चालत नव्हते, तिच्या घरात अनाथ मुले वाढू लागली. प्लेगच्या साथीत ती रोग्यांच्या शुश्रूषेला उभी राहिली. आपल्या अंतःकरणात शांती आहे असे लक्ष्मीबाई क्वचितच म्हणतात. त्यांना तसे म्हणावे लागत नाही. स्वतःच्या फजितीवर इतके मोकळेपणाने हसणारी शैली हीच त्यांच्या शांतीची साक्ष आहे. ज्याला स्वतःचे काही लपवायचे उरले नाही, त्यालाच असे हसता येते. टिळकांच्या कोपिष्टपणाच्या आणि विसराळूपणाच्या कथा त्या सांगतात, पण त्यात कडवटपणाचा लवलेश नसतो. क्षमा हा शब्द न वापरता लिहिलेला हा क्षमेचा ग्रंथ आहे. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी हाती घेऊन पूर्णत्वास नेले, यालाही या दृष्टीने विशेष अर्थ आहे. ज्या ख्रिस्ताने आपला नवरा हिरावून नेला असे एके काळी त्यांना वाटले होते, त्याच ख्रिस्ताची कथा त्यांनी नवऱ्याच्या पश्चात पुढे गायिली.

‘स्मृतिचित्रे’लाही मर्यादा आहेत. अंतर्मुख चिंतनाचे बळ त्यात ऑगस्टीन यांच्याइतके नाही. कधी कधी प्रसंगामागून प्रसंग इतक्या वेगाने येतात की, ज्या दुःखापाशी थांबावे असे वाचकाला वाटते, तेथून लेखिका लगबगीने पुढे निघून जाते. परंतु ‘कन्फेशन्स’ जेथे मौन पाळतो, तेथे ‘स्मृतिचित्रे’ बोलतो. म्हणून हे ग्रंथ एकमेकांना पूरक आहेत, असे मला म्हणावयाचे आहे.

*

या दोन ग्रंथांच्या उजेडात शुभवर्तमानाकडे परत गेलो की, परिचित प्रसंग निराळे दिसू लागतात. प्रभू येशूने आपली शांती शिष्यांना दिली ती कोणत्या रात्री? शेवटच्या भोजनाच्या रात्री. जग देते तशी ही शांती नव्हे, हे त्याने तेव्हाच बजावले. त्यानंतर थोड्याच वेळाने तो गेथसेमनी बागेत व्याकूळ होऊन प्रार्थना करीत होता. शांती देणाऱ्यालाच त्या रात्री चैन नव्हते. लाजराच्या कबरेपाशीही तो रडला. क्षणभरात त्याला आपण उठविणार आहोत हे ठाऊक असूनही रडला. आणि पुनरुत्थानानंतर शिष्यांना शांतीचे अभिवादन करताना त्याने आपले हात आणि कूस दाखविली. जखमा पुसल्या गेलेल्या नव्हत्या. प्रत्येक मिस्साबलिदानात कम्युनिअनपूर्वी आपण शेजाऱ्याला शांती देतो, ती या जखमी हातांची शांती असते.

ऑगस्टीन यांनी उत्तरायुष्यात ‘देवाचे नगर’ हा बृहद् ग्रंथ लिहिला. इ. स. ४१० मध्ये गॉथ टोळ्यांनी रोम लुटल्यानंतर उठलेल्या प्रश्नांतून तो जन्मला. त्याच्या एकोणिसाव्या खंडात त्यांनी शांतीची मीमांसा केली आहे. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी असली की जी स्थिरता येते, ती शांती, असा तिचा मथितार्थ. या व्याख्येत अश्रूंना बंदी नाही. अश्रूंनाही त्यांची जागा आहे. तेही आपल्या जागी असावेत एवढेच. ४३० साली व्हँडल सैन्याने हिप्पोला वेढा घातलेला असताना ऑगस्टीन मरणशय्येवर होते. त्यांचे चरित्रकार पोसिदिउस नोंदवितात की, पश्चात्तापाची स्तोत्रे लिहून घेऊन त्यांनी ती समोरच्या भिंतीवर लावून घेतली होती. पडल्या पडल्या ते ती वाचीत आणि रडत. ज्याने जगाला अंतःकरणाच्या विसाव्याची शिकवण दिली, तो संत २८ ऑगस्टच्या त्या दिवसापर्यंत रडत होता. त्याला शांती नव्हती असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

टिकाऊ शांती म्हणजे न हलणारे पाणी, असा आपला समज असतो. आपण वसईकर समुद्राकाठी वाढलो. भरती-ओहोटी चुकत नाही म्हणून समुद्र आपल्या जागेवरून उठून जात नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. श्रद्धेने मिळणारी शांती अशीच टिकते. दुःख येत नाही म्हणून ती टिकत नाही. दुःखासकट कोणाकडे जायचे हे ठाऊक असते, म्हणून ती टिकते.

आई थकल्यावर एका संध्याकाळी मी तिला नवव्या खंडातील तो प्रसंग आमच्या घरच्या बोलीत सांगितला. मोनिका माउलीची गोष्ट तिला ठाऊक होती. पुत्राच्या रडण्याची गोष्ट ठाऊक नव्हती. तिने सगळे लक्षपूर्वक ऐकले. मग विचारले, “आणि मग देव त्याच्यावर रागावला नाही?” मी म्हटले, “नाही आई. तो तर संत झाला.” ती काही बोलली नाही. जपमाळ हातात घेऊन तिने भावाच्या तसबिरीकडे पाहिले आणि माझ्यादेखत, पदर तोंडाला न लावता, ती रडली. नंतर डोळे पुसून तिने जपमाळ सुरू केली.